उजव्या कोपऱ्यातलं बटण

“ताई, ‘जतन करा’ बटण आजही दिसत नाही,” देवस्थानच्या कचेरीतून खांबेटेकाकांचा चौथा फोन आला. “अभिषेकाची नावं वहीतच लिहितोय. विश्वस्त म्हणतात, सोमवारनंतर तुमचा प्रोग्रॅमच नको.”

माझ्याकडे विंडोज, मॅक, लिनक्स, तिन्हींवर बटण स्वच्छ दिसत होतं. तरी आठवडाभर मी विंडोची मापं बदलत बसले. जपाची माळ हातात असायची आणि डोक्यात ते बटण.

शेवटी स्वतः गेले. स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात दत्तगुरूंचा स्टिकर होता. उद्घाटनाला मीच हळदकुंकू वाहून चिकटवला होता. बटण नेमकं त्याच्यामागे होतं.

“काढा की काका,” मी पुटपुटले.

“देवाला? तुम्हीच काढा!”

माझाही हात पुढे होईना. तिथेच लॅपटॉप उघडला आणि बटण डावीकडे नेलं.