आडवा थेंब

"मला बरं वाटेल असं काही सांगू नकोस, पोरी. खरं असेल ते सांग. काहीच कळलं नाही, तर तेही येऊन सांग."

नवऱ्याचा मेंदू संशोधनासाठी देताना काकू एवढंच बोलल्या होत्या. जन्मभर गाईसारखा गरीब असलेला माणूस शेवटच्या आजारपणात त्यांच्या अंगावर धावून यायचा, नाही नाही ते बोलायचा. तो राग आजाराचा होता, की इतकी वर्षं पोटात दाबून ठेवलेला? काकूंना दुसरं काही नको होतं. तिने त्यांचा हात धरून शब्द दिला होता.

प्रयोगशाळेत तिला सगळे बर्फाबाई म्हणत. बर्फाची पेटी सदा हाताशी, आणि तिचा चढलेला आवाज आजवर कुणी ऐकलेला नव्हता. आईच्या दुखण्यासाठी घेतलेली रजा संपवून ती आजच परतली होती, आणि नव्या फ्रीजरसमोर एक इवलीशी नळी उजेडात धरून उभी होती.

नळीत अँटीबॉडी होती. मेंदूच्या पेशींवर संदेश झेलणाऱ्या अनेक रिसेप्टरांपैकी नेमक्या एकाला हुडकून चिकटणारी. ती जिथे चिकटते तिथे रंग चढतो; राग भडकवणारा हा रिसेप्टर आजाराने वाढला होता का, ते त्या रंगावरून कळणार होतं. बाटली आली त्याच दिवशी तिने ती थेंबाथेंबाने नळ्यांत वाटून, नळ्या उभ्या ठेवून गोठवली होती. लागेल तेव्हा एकच नळी काढायची. एकदा वितळलेली अँटीबॉडी पुन्हा पुन्हा गोठली की नासते. मग ती कुणालाही चिकटते.

ही नळी डब्यात कलंडून पडली होती. आणि थेंब तळाशी नव्हता. नळीच्या कुशीला लांबट, आडवा गोठला होता. म्हणजे नळी पडल्यानंतर तो वितळला होता, वाहिला होता आणि परत गोठला होता.

"सर, जुना फ्रीजर कुठाय?"

"भंगारात." सर खुर्चीतूनच म्हणाले. "बर्फ खरवडून खरवडून हात मोडायची वेळ आली होती. हा गुणी आहे. आपला बर्फ आपणच वितळवतो."

"वितळवायला तो आतून तापतो. रोज."

"तापतो म्हणजे काय, अंघोळीचं पाणी निघतं का त्यातून? जरासा तापतो."

"एवढ्याशा थेंबाला जरासंच पुरतं." तिने नळी त्यांच्यापुढे धरली. "याच नळ्यांतली वापरलीत? काकूंच्या यजमानांच्या कापांवर?"

"वापरली. आणि काय झकास रंग आलाय. ये, बघ तरी."

तिने पडद्यावर पाहिलं. मेंदूचा पातळ काप या काठापासून त्या काठापर्यंत तपकिरी झाला होता, चादरीवर चहा सांडावा तसा.

"आणि उंदराचा?"

सरांनी चष्मा काढला. तिनेच फाइल उघडली. त्या उंदरात हा रिसेप्टर जन्मापासूनच नव्हता. म्हणून तर त्याचा काप दर वेळी शेजारी ठेवायचा: तो कोराच राहायला हवा. तो रंगला, तर अँटीबॉडी खोटं बोलतेय.

उंदराचा काप तितकाच तपकिरी होता.

"तुमच्या लेखाच्या मसुद्यात हा दिसत नाही."

"जागा कुठाय लेखात?"

"काकूंच्या यजमानांचे काप किती उरलेत?"

"संपले. शेवटचे होते म्हणून तर मी स्वतः बसलो." सरांनी चष्मा पुसला. "आणि तू असं सुतक आल्यासारखं तोंड करू नकोस. त्यांना सकाळीच फोन केला मी. म्हटलं, राग आजाराचाच होता, अगदी स्पष्ट दिसलं. रडल्या गं. म्हणाल्या, आज झोप लागेल मला."

तिने फाइल मिटली.

"तुम्हाला हे कुणी सांगायला सांगितलं?"

"अगं, म्हाताऱ्या जिवाला समाधान मिळालं. पुण्यच आहे ते."

"पुण्य आपल्या कनवटीचं करावं, सर." आवाज अजूनही चढला नव्हता, पण सरांचा हात चष्म्यावर थांबला. "हे तुम्ही दुसऱ्याच्या कपाळामागून काढलंत. दिसलं असतं ते दिसलं असतं. आता ते कुणालाच कधी दिसणार नाही. आणि ही थाप, ती त्यांनी मागितली नव्हती. हवी असती तर घरबसल्या मिळाली असती, शेजारपाजार काय कमी आहे?"

"मग काय, जाऊन सांगणार? झोपलेल्या माणसाला उठवणार?"

"दुपार आहे. अजून झोपल्या नसतील."

"आणि सांगणार तरी काय? खरं तर तुलाही माहीत नाही."

"नाही माहीत. तेच सांगणार."

तिने पेटीत कोरडा बर्फ भरला. नळी होती तशीच आडवी ठेवली, वर आणखी बर्फ लोटला आणि झाकण दाबून बसवलं. कोट काढून खुंटीला लावला. मागे नव्या फ्रीजरमध्ये काहीतरी टकटकलं. त्याची तापायची वेळ झाली होती. तिने वळून पाहिलं नाही.

जिन्यावरून ती एकेक पायरी जपून उतरली, पेटी छातीशी धरून. काकूंना दाखवेपर्यंत तो थेंब हलू द्यायचा नव्हता.