चोचीवरचं कुंकू

संभाजी तलावाच्या कठड्यापाशी वैष्णवीनं पुन्हा गाडी थांबवली. किल्ली काढली, परत लावली.

"घरी जाऊ या, आत्या."

"का गं?" मागं बसलेल्या सासूबाई, बजाबाई, खाली उतरल्या. "नणंदेनं सवताहून बोलावलंय की. म्हनली, औंदा वैनीला हळदी-कुंकू लावनार म्हंजे लावनार."

"यांना जाऊन दोन वर्षं पण नाही झाली. तिथल्या बायका काय म्हणतील?"

"म्हनू देत. त्यास्नी तरी दुसरं काय काम हाय?"

वैष्णवी कठड्याला टेकली, लगेच सरळ झाली. पदर सारखा केला. मोकळ्या कपाळावरून उगाच हात फिरवला.

"त्ये बघ, हळदी-कुंकू," बजाबाई पाण्याकडं बोट करून म्हणाल्या.

"आत्या, पुरे ना आता!"

"अगं, बदक! नावच हाय त्याचं. चोच बघ की जरा."

जलपर्णीच्या कडेला बदकांची जोडी होती. काळ्या चोचीचं टोक हळदीत बुडवल्यासारखं पिवळं, आणि चोचीच्या मुळाशी, कपाळाला लागून, दोन लाल ठिपके. वैष्णवी बघत राहिली.

"यातली मादी कुठली?"

"काय की. दोगांस्नीबी हाय."

"आणि जोडीतलं एक मेलं तर?"

बजाबाईंना हसू आलं. "दिसभर पान्यात तोंड घालतंय. निघतंय व्हय?"

वैष्णवी कठड्यापासून वळली. तिनं गाडी सुरू केली.

जुळे सोलापुरातल्या ऋतुजाच्या फ्लॅटमध्ये बायका जमल्या होत्या. या दोघी आत शिरल्या तसं बोलणं थांबलं. ऋतुजा तबक घेऊन दारापर्यंत आली.

"आई, तू आतल्या खोलीत बस. चहा पाठवते." वडील गेल्यापासून दर संक्रांतीला म्हणायची तसं ती म्हणाली, आणि कुंकवात बोट बुडवून वहिनीकडं वळली.

वैष्णवीनं तिचं मनगट धरलं.

"आधी आत्यांना लाव. मग मला."

ऋतुजाचं बोट तसंच राहिलं. ती आईच्या कपाळाकडं बघू लागली.

"मला कशाला गं? येडी का काय!" बजाबाई म्हणाल्या, आणि मागं सरत पायानं दारातल्या चपला चाचपू लागल्या.