मृताची संमती

मित्रांबरोबर डोंगरात फिरायला जायचं होतं. पाणीपुरवठा खात्यातल्या एका पोराने रजेसाठी आजीला दोनदा आणि मामाला एकदा आधीच मारलं होतं. म्हणून या वेळी त्याने साहेबांना फोनवर जड आवाजात सांगितलं, "आई गेली." साहेबांनी रजा दिलीच, वर धीरही दिला.

पुढच्या महिन्यात तो आईला मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी सरकारी दवाखान्यात घेऊन गेला. खिडकीतल्या बाईंनी आधी स्क्रीनकडे पाहिलं, मग आईकडे, मग पुन्हा स्क्रीनकडे.

"आजी, तुम्ही वारलात. दुसऱ्या खात्याकडून तशी नोंद आलीय."

"परस्पर कशी काय आली?" तो उखडला. "माणसाची संमती नको घ्यायला?"

"जिवंत माणसाची घेतो. वारलेल्याची कुठून आणायची?"

आईला हसू आलं. "अहो, चुकून झालं असेल. करून टाका मला जिवंत."

"करते की. पण खोटी माहिती देणाऱ्याची नोकरी जाईल हं. हे बघा त्याचं नाव." बाईंनी स्क्रीन तिच्याकडे वळवली.

आईला सगळं धुरकट दिसत होतं. "तू वाच रे, कोण मेला आहे तो?"

त्याने स्क्रीन हळूच परत बाईंकडे वळवली.

आईने पदराने डोळे पुसले आणि खिडकीत ठेवलेली कागदांची पिशवी परत ओढून घेतली.



"राहू द्या बाई, मी गेलेय. हवी तर संमती देते."