डुक्कर, शिंपला, कोंबडी

"डुक्कर," आईने इस्त्री उभी ठेवली आणि चित्राचा पत्ता वर धरला.

"पिग आऊट. पोट तट्ट फुगेपर्यंत खाणे." लेक दुकानाच्या दारात उभी होती, एक डोळा रस्त्यावर. परीक्षेला न्यायला गाडी साडेदहाला यायची होती.

आईने पत्ता उलटा केला. मागे लेकीने तिच्यासाठी मोठ्या अक्षरांत मराठीतून अर्थ लिहिला होता. शाळा दुसरीत सुटली असली तरी बोट ठेवून वाचायला तिला कुणाच्या बापाची मदत लागत नसे.

"बरोबर. खायचं माणसांनी आणि बदनामी डुकराची."

"तिकडचे म्हातारे असंच बोलतात, आई. पुस्तकातलं इंग्रजी नाही चालत. पेशंट काय म्हणतोय तेच नर्सला कळलं नाही, तर नापास करतात."

"इकडचे म्हातारे संपले वाटतं."

लेक दारापासून कपड्यांच्या मांडणीपर्यंत गेली, परत आली, परत गेली. आज पास झाली की दोन महिन्यांत विमानात, परदेशातल्या दवाखान्यात नर्स म्हणून. मागे उरणार दुकान, दोन इस्त्र्या आणि आई.

लांडगा बरोबर आला. घोडाही. आईने शर्टाच्या कॉलरवर पाणी शिंपडलं आणि शिंपला वर धरला.

"क्लॅम अप. काही विचारलं की तोंड घट्ट मिटून घेणे. डॉक्टर आले की आजोबा क्लॅम अप करतात."

पत्त्यामागे तेच होतं. आईने ते दोनदा वाचलं.

"चूक."

तोंडातून निघून गेलं खरं. पण बोललेला शब्द परत घ्यायची सवय तिला उभ्या जन्मात नव्हती. तिने कोंबडी उचलली.

"चिकन आऊट," लेक जरा थांबून म्हणाली. "ऐन वेळी घाबरून माघार घेणे."

"चूक."

मग माकडही चुकलं. बदकही चुकलं. लेकीने बोटं मोडली, घड्याळ पाहिलं, खांद्यावरची पिशवी उगाच या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.

"चार चुका म्हणजे गेलीच की परीक्षा," आई म्हणाली. एकच कॉलर ती तिसऱ्यांदा दाबत होती. "गाडीवाल्याला येऊ नको म्हणून सांग. पुढच्या वर्षी बघू. कुठे पळून जातेय तुझी परीक्षा?"

लेक टेबलापाशी आली.

"पत्ते मी लिहिलेत, आई. मागे काय आहे ते मला पाठ आहे."

इस्त्री थांबली.

"मग मघाशीच का नाही बोललीस?"

"किती पत्ते चूक म्हणतेस ते बघत होते."

बाहेर हॉर्न वाजला. लेक जागची हलली नाही. पाय दाराकडे, तोंड आईकडे. हॉर्न पुन्हा वाजला, या वेळी लांबलचक.

आईने पदराला हात पुसले आणि टेबलावरचा आणखी एक पत्ता उचलून तिच्यासमोर धरला. लेकीने चित्र पाहिलं, श्वास घेतला. अजून तिने तोंडही उघडलं नव्हतं.

"बरोबर," आई म्हणाली. "नीघ. माणूस खोळंबलाय."