तीन तुकडे, एक आवाज

प्रश्नमंजूषेच्या शेवटच्या फेरीत निवेदकाने तीन तुकडे ऐकवले: जुन्या टीव्ही मालिकेतल्या चिमुरड्या छकुलीचं खिदळणं, गाजलेल्या पॉप गाण्याचं धृपद आणि टॉफीच्या जाहिरातीतलं “अजून एक दे ना!” “तिन्हींत आवाज एकच. कुणाचा?” स्पर्धेत जोडीने उतरलेल्या दोघी बहिणींपैकी थोरलीच्या अंगावर काटा आला. आवाज तिचाच होता. पडद्यावर नुसते ओठ हलवून नाव मात्र धाकट्या बहिणीने कमावलं. आज पडदाच नव्हता. तिने झडप घालून बटण दाबलं. पण घशाच्या ऑपरेशननंतर तिच्या तोंडून फक्त हवा निघायची. “जरा मोठ्याने, आजी!” निवेदक म्हणाला आणि सभागृहात हशा पिकला. तिने शेजारी बसलेल्या धाकटीला कोपराने ढोसलं: सांग ना! धाकटीने माइक ओढला. “माझाच की! ताईला तेच सांगायचंय.” टाळ्यांचा कडकडाट झाला. बक्षिसाच्या डब्यातली टॉफी सोलून धाकटीने ताईच्या उघड्या तोंडात कोंबली. “घे, तोंड गोड कर.”