पांढरी रेघ

टक्क करून बाटली फरशीवर पडली. दुपारभर खोलीत तेवढाच काय तो आवाज झाला.

झोपलेल्या ललितच्या तोंडातून ती सुटली होती. पाच वर्षांची सोनाली लगबगीनं उठली, बाटली फ्रॉकला पुसली आणि भावाच्या ओठांशी नेली. मम्मीचे हात गोंदात असले की हे काम तिचंच.

"नको," सुषमा म्हणाली. मांडीवरच्या साडीला खडे चिकटवणारा तिचा हात थांबला होता. "दूध ओतून टाक. आजपासून झोपताना पाणी."

"साखरेचं?"

"साधं."

सकाळी नवागामच्या अंगणवाडीत दातांच्या डॉक्टरीणबाई आल्या होत्या. त्यांनी ललितचा ओठ वर करून हिरडीलगतची पांढरी रेघ दाखवली. दूध लागलं असेल, पुसते, म्हणत सुषमानं पदर पुढे केला. बाई म्हणाल्या, हे दूध नाही. गोड रात्रभर तोंडात राहिलं की त्याचं आम्ल होतं, ते दाताच्या कवचातले क्षार ओढून नेतं, त्याची ही रेघ. अजून भोक पडलेलं नाही. आता फ्लोराइड लावलं तर लाळेतले क्षार परत दातात बसतील, कवच घट्ट होईल. वेळेवर आणलंत. त्यांनी पिवळसर लेप लावला आणि पेस्ट दिली. तांदळाच्या दाण्याएवढीच घ्यायची, म्हणाल्या.

मग त्यांनी सोनालीला तोंड उघडायला लावलं. पुढच्या चार दातांचे तपकिरी खुंट उरले होते. बाई रागावल्या नाहीत. किडून गेलेला दात लेपानं परत येत नाही, एवढंच हळू आवाजात बोलल्या.

सोनालीच्या वेळीही ती रेघ होती. सुषमा रोज सकाळी पदराचं टोक ओलं करून ती पुसायची. नवरा धर्मेंद्र कापडाच्या कारखान्यात लूमवर गेलेला, खोलीत साड्यांचा ढीग. बाटली तोंडात असली की पोर दोन-दोन तास हू की चू करायची नाही. शेजारणी म्हणायच्या, गुणाची आहे हो तुझी लेक.

सोनाली बाटली धुऊन आली. ललितजवळ बसून तिनं बोटानं त्याचा ओठ अलगद उचलला. लेप जागेवर होता. तिला हसू आलं, तसा सवयीनं हात तोंडावर गेला.

"मम्मी, माझ्या दातांवर पण अशी रेघ होती?"

सुषमानं मान हलवली. होती.

"मग तू काय लावलं होतं?"