त्यांच्या नावाची बाटली

यंदा बस कंपनीने फर्मान काढलं, पन्नाशीपुढच्या ड्रायव्हरांनी रक्त तपासून द्यायचं. हृदयाच्या नसा तुंबायला लागल्या की म्हणे त्याच्या खुणा रक्तातच सापडतात. आमच्या ह्यांना तर दोन पायऱ्या चढल्या तरी धाप लागते. खुणा सापडल्या की नोकरी गेलीच.

रक्त न्यायला माझी भाचीच आली, ती लॅबमध्ये कामाला आहे. तिने ह्यांचं रक्त काढलं आणि हे ड्यूटीवर गेले. मी ती बाटली मोरीत ओतली आणि माझा हात तिच्यापुढे धरला.

"मावशी, हे माझ्या अंगाशी येईल गं."

"नाव त्यांचं लिही आणि गप्प बस. मी जन्मात डोकेदुखीची गोळी खाल्लेली नाही. माझ्या रक्तात खोट काढणारं मशीन अजून निघायचंय."

आठवड्याने तिचा फोन आला. रडतच होती. "मावशी, रिपोर्ट वाईट आहे, थेट कंपनीत गेलाय. तू आधी डॉक्टरकडे चल."

मी फोन ठेवला आणि राहिलेल्या कपड्यांच्या घड्या घातल्या. बोलले तर पोरीची नोकरी जाईल.

ह्यांना कंपनीने घरी बसवलं. सुनेने त्यांचं मीठ तोडलं, लेक रोज त्यांचे पाय चेपतो.



त्यांनी जड उचलायचं नाही असं सगळ्यांनी बजावलंय, म्हणून तीन मजले पाण्याच्या बादल्या आता मीच वर नेते.